कळीवरचे अक्षर कोणाचे?

मुळशी तालुक्याचे नाव काढले की इतिहासाच्या अभ्यासकाला धरण आठवते आणि संगणक अभियंत्याला हिंजवडीची वाहतूक कोंडी. तालुका दोघांचा एकच. एप्रिल १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला तो याच भूमीवर, आणि हिंजवडी, माण, मारुंजी ही माहिती तंत्रज्ञानाची गावे आजही महसुली नोंदीत मुळशीचीच आहेत. या दोन मुळशींमध्ये काही नाते असेल असे सहसा कोणी म्हणत नाही. हा धागा त्या नात्यापैकी एका बारीक दुव्याविषयी आहे. तो दुवा म्हणजे कळफलक, आणि त्यावरील एक अक्षर.

मुळशी सत्याग्रहावर चार ओळी लिहायला घ्या. पहिल्याच ओळीत ‘शेतकऱ्यांनी’ हा शब्द येईल. पाठोपाठ ‘गावकऱ्यांनी’, ‘अधिकाऱ्यांनी’, ‘कातकऱ्यांच्या’, ‘पौड खोऱ्यातील’. मराठीत ‘-करी’ने संपणारे शब्द बहुधा माणसांचे आहेत, कष्टाच्या किंवा श्रद्धेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माणसांचे, आणि विभक्ती लागली की त्यांच्या अंगात तो विशिष्ट र येतो, ज्याला कोणी चंद्रकोरी र म्हणतात तर कोणी पापणीचा र. रफार देऊन तो लिहिता येत नाही. ‘आचार्यांना’ बोलावले तर गुरुजन येतील, ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर स्वयंपाकी.

आता हाच शब्द संगणकावरील एखाद्या जुन्या फायलीत शोधून पाहा. फाईल कोणी, कोणत्या कळफलकावरून टंकित केली यावर तो सापडणे अवलंबून असते. डोळ्यांना अगदी सारखे दिसणारे ‘शेतकऱ्यांनी’ यंत्राच्या पोटात तीन निरनिराळ्या प्रकारे साठवलेले असू शकतात. शंभर लेखांच्या संग्रहातून शेतकरीच गळतात. असे का होते हे समजून घ्यायचे तर कळ आणि अक्षर यांचा संबंध कोण ठरवते, हा कळीचा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

कळीला स्वतःचे अक्षर नसते. कळ दाबली की यंत्राला फक्त एवढे कळते की अमुक जागेवरची कळ दाबली गेली. तिचा अर्थ पुढे कोणीतरी लावतो. ही जी ‘या कळीचा अर्थ हा’ अशी नेमणूक, तिला संगणकाच्या परिभाषेत मॅपिंग म्हणतात. ही नेमणूक कोणाच्या हाती आहे? यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या, सरकारच्या, की लिहिणाऱ्याच्या? मराठी अक्षरांच्या शंभर वर्षांच्या यांत्रिक इतिहासात हाच वाद पुन्हा पुन्हा उद्भवलेला दिसतो. त्यातील सर्वांत मोकळे उत्तर मात्र मराठीसाठी तयार झालेले नव्हते. ते कॅलिफोर्नियातील बर्कली येथे, एका स्वस्त टर्मिनलसमोर जन्मले.

१९७६ च्या सुमारास बर्कली विद्यापीठात बिल जॉय हा विद्यार्थी ‘व्ही-आय’ नावाचा मजकूर-संपादक लिहीत होता. त्याच्यासमोर लिअर सीग्लर कंपनीचे ‘एडीएम-३ए’ हे टर्मिनल होते. टर्मिनल म्हणजे स्वतः काही न करणारा पडदा आणि कळफलक. सारी गणना दूरच्या यंत्रात होत असे आणि मधली तार अतिशय मंद. या टर्मिनलवर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. डावा, खालचा, वरचा आणि उजवा बाण अनुक्रमे एच, जे, के, एल या कळांवरच छापलेले होते.

ते बाण त्याच चार कळांवर का? कारण त्याहूनही जुने आहे. ‘अॅस्की’ या संकेतावलीत कंट्रोल कळीसह एच दाबले की आठव्या क्रमांकाचा संकेत जातो, कारण एच हे इंग्रजी वर्णमालेतील आठवे अक्षर. आठवा संकेत म्हणजे एक घर मागे या. जे हे दहावे. दहावा संकेत म्हणजे एक ओळ खाली. टेलिप्रिंटरच्या काळातील या आज्ञा टर्मिनलच्या निर्मात्यांनी पुढे चालवल्या, के आणि एल यांना उरलेल्या दोन दिशा दिल्या, आणि जॉयने त्या आपल्या संपादकात घेतल्या. आज हिंजवडीतील एखाद्या इमारतीत बसलेला अभियंता जे दाबून एक ओळ खाली जातो तेव्हा तो नकळत टेलिप्रिंटरचा कागद सरकवत असतो.

त्याच टर्मिनलवर एस्केप कळ आजच्या टॅब कळीच्या जागी, म्हणजे करंगळीच्या आवाक्यात होती. व्ही-आयमध्ये दोन मुख्य अवस्था असतात. एकीत कळा अक्षरे उमटवतात, दुसरीत त्याच कळा आज्ञा होतात. लेखनाच्या अवस्थेतून आज्ञेच्या अवस्थेत परतायचे तर एस्केप. टर्मिनल बदलले, एस्केप कोपऱ्यात गेली, आणि पन्नास वर्षांनंतरही लोक ती जवळ आणण्याच्या खटपटीत आहेत. कोणी लेखनात जे आणि के लागोपाठ दाबले की एस्केप समजावे अशी नेमणूक करतो, कोणी कॅप्सलॉकची कळच तिला देऊन टाकतो.

ही सोय जॉयच्याच संपादकात आली होती. ‘मॅप’ ही आज्ञा, पुढे कळ, त्यापुढे तिचा नवा अर्थ, बस्स. १९९१ मध्ये ब्राम मूलेनार या डच प्रोग्रामरने ‘विम’ ही सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा ही कल्पना फार वाढली. कोणत्या अवस्थेत कोणती नेमणूक लागू व्हावी हे वेगवेगळे सांगता येऊ लागले. एक धोकाही होता. ‘क’ कळीचा अर्थ ‘ख’ आणि ‘ख’ कळीचा अर्थ ‘क’ असे लिहिले तर संपादक एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. म्हणून ‘नोरिमॅप’ हा प्रकार आला. त्यात उजवीकडचा अर्थ मूळ अर्थच धरायचा, त्याची पुन्हा नेमणूक तपासायची नाही. अनुभवी लोक नवशिक्यांना पहिला सल्ला देतात तो हाच.

टर्मिनलला मात्र मर्यादा आहेत, आणि त्याही इतिहासाने घातलेल्या. टर्मिनल कळ पाठवत नाही, संकेत पाठवते. त्यामुळे कंट्रोलसह आय आणि टॅब यांत त्याला भेद दिसत नाही, कारण दोन्हींचा संकेत नववा. कंट्रोलसह एम म्हणजेच एंटर. एकीला नवा अर्थ दिला की दुसरीही बदलते, आणि बिचारा नवखा वापरकर्ता आपले काय चुकले हे तासभर शोधत बसतो. कंट्रोलसह एस दाबून फाईल जतन करू पाहणाऱ्याचा पडदा अनेकदा गोठतो. कारण तो संकेत मंद तारांच्या काळात ‘थांबा, मजकूर पाठवू नका’ अशा अर्थाने वापरला जाई. कंट्रोलसह क्यू दाबले की पडदा पुन्हा जिवंत होतो. कळीचा अर्थ बदलण्याचे स्वातंत्र्य आहे, पण ते जुन्या संकेतांच्या कुंपणाआत.

बर्कलीत हे स्वातंत्र्य चार-दोन अक्षरांच्या एका ओळीने मिळत होते. महाराष्ट्रात त्या वेळी कळीचा अर्थ पोलादात ओतलेला होता.

देवनागरीचे छपाईचे खिळे शेकड्यांनी लागत. जोडाक्षरे, मात्रा, रफार, उकार यांचे स्वतंत्र खिळे आणि त्यांच्या जुळणीचे कसब हे निर्णयसागरसारख्या छापखान्यांचे वैभव होते. टंकयंत्राला हे वैभव परवडत नव्हते. साधारण ४४ ते ४६ कळा, प्रत्येकीवर दोन चिन्हे, म्हणजे नव्वदीच्या आसपास जागा. त्यात स्वर, व्यंजने, अर्धी अक्षरे, मात्रा, अंक आणि विरामचिन्हे बसवायची. उपाय कल्पक होते. ख, थ, ध, भ, ण, श अशी काना असलेली अक्षरे पूर्ण न ठेवता त्यांचे अर्धे रूप एका कळीवर ठेवायचे आणि काना वेगळा मारायचा. म्हणजे ‘ध’ उमटवण्यासाठी दोन ठोके. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे येते, म्हणून ती अक्षराआधी मारायची. ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग क. टंकलेखक जे बोलतो ते लिहीत नव्हता. जे दिसते ते डावीकडून उजवीकडे रचत होता.

यंत्राच्या जागा वाढत नव्हत्या, तेव्हा लिपीच कमी करावी असा विचार येणे स्वाभाविक होते. टिळकांनी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या घटवण्याचा खटाटोप केला होता. पुढे सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली, काका कालेलकरांनी लिपिसुधारणेच्या समित्यांत काम केले. ‘अ’ला इकार-उकार लावून ‘अि’, ‘अु’ लिहिण्याची पद्धत ‘किर्लोस्कर’ मासिकाने प्रत्यक्ष छापून दाखवली. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ यांच्या वेगळ्या आकृती गेल्या की तेवढ्या जागा मोकळ्या. जुने अंक चाळताना त्या अक्षरांवर डोळे अडखळतात, पण ती केवळ हौस नव्हती. यंत्राचे मॅपिंग बदलता येत नाही, तर वर्णमालेचे बदलू, असा तो हिशेब होता. हिशेब चूक नव्हता. मात्र किंमत भाषेने मोजायची होती, यंत्राने नव्हे.

१९५५ मध्ये गोदरेजने भारतीय बनावटीचे टंकयंत्र बाजारात आणले. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर शासनव्यवहार मराठीत करण्याचे धोरण ठरले आणि तालुक्या-तालुक्यांत टंकलेखनाचे वर्ग फोफावले. मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट हे प्रमाणपत्र म्हणजे कारकुनाच्या नोकरीचे दार. या वर्गांत लाखो बोटांनी एक विशिष्ट नेमणूक पाठ केली. पुढे यंत्र गेले तरी बोटे राहिली, आणि संगणकावरही ‘रेमिंग्टन’ नावाचा कळफलक द्यावा लागला. त्यात नसलेल्या गाड्याचा मान राखून आजही पहिली वेलांटी आधी मारतात. शिरवळच्या कारखान्यातले टंकयंत्रांचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. ज्या सवयीसाठी ते यंत्र बनले होते ती सवय थांबली नाही.

संगणकावरील मराठीला मात्र वेगळे वळण मिळाले. त्याची सुरुवात कानपूरच्या आयआयटीत झाली. तेथे विकसित झालेले ‘जिस्ट’ हे तंत्र १९८८ मध्ये पुण्यात नव्याने स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेकडे आले. त्यातील प्रमुख नाव मोहन तांबे. सी-डॅकचे नाव बहुतेकांना ‘परम’ महासंगणकामुळे माहीत असते. सामान्य माणसाच्या हाताशी पोचले ते जिस्ट. संगणकात एक कार्ड बसवायचे आणि इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्रॅम देवनागरीत चालवायचे. ज्यांनी तो प्रोग्रॅम लिहिला त्यांना मराठी ठाऊक असण्याची गरज नव्हती. अर्थ लावण्याचे काम मधल्या मध्ये होत असे.

याच काळात ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक सिद्ध झाला. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो १९८६ मध्ये पुढे आणला, १९८८ मध्ये सुधारला आणि १९९१ मध्ये ‘इस्की’ या भारतीय मानकाबरोबर त्याला अधिकृत स्थान मिळाले. त्याची मांडणी एखाद्या व्याकरणकाराने केल्यासारखी आहे. स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे. मधल्या ओळीतील एका कळीवर क, शिफ्टसह तिच्यावरच ख. त्याच्या वरच्या ओळीत ग, शिफ्टसह घ. प आणि फ, त आणि थ, च आणि छ असे सारे जोडीने. शिवाय ब्राह्मीपासून निघालेल्या इतर भारतीय लिप्यांसाठीही हीच मांडणी, म्हणजे मराठीत क जेथे आहे तेथेच तो बंगालीत आणि कन्नडमध्ये.

सर्वांत महत्त्वाचा भेद क्रमाचा. इन्स्क्रिप्टमध्ये उच्चाराच्या क्रमाने टंकित करतात. आधी क, मग वेलांटी. पडद्यावर ती डावीकडे कशी दाखवायची ते यंत्र पाहील. लिहिणे आणि दिसणे या दोन गोष्टी प्रथमच वेगळ्या झाल्या. टंकयंत्रात कळ, साठवण आणि आकृती हे तिन्ही एकाच ठोक्यात होते. आता कळ एक सांगते, संगणक दुसरे साठवतो आणि पडदा तिसरे दाखवतो. पुढचा सारा घोळ आणि पुढची सारी सोय यातूनच आली.

घोळ आधी. नव्वदीच्या दशकात छपाई संगणकावर गेली आणि बाजारात निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट आले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ त्यांत सर्वपरिचित. वृत्तपत्रे, प्रकाशने, लग्नपत्रिका, कार्यालयीन टिपणे यांना या फाँटनी सुबक मराठी दिली, हे मान्य करायलाच हवे. पण अशा फाँटमध्ये संगणक मराठी साठवत नव्हता. तो इंग्रजी संकेत साठवत असे आणि त्या संकेतांना मराठी आकृतींचा मुखवटा चढवत असे. मुखवटा काढला, म्हणजे तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाईल उघडली, की निरर्थक रोमन अक्षरांची रांग. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. परिणामी तीनशे वर्षांपूर्वीचे मोडी पत्र वाचून देणारा जाणकार भारत इतिहास संशोधक मंडळात भेटतो, आणि तीस वर्षांपूर्वीची फाईल वाचायला परिवर्तनाचे कोष्टक शोधत फिरावे लागते. भावी इतिहासकाराची ही अडचण अद्याप पुरेशी कोणी मनावर घेतलेली नाही.

त्यावर उत्तर युनिकोड. देवनागरीसाठीची त्याची पहिली मांडणी १९८८ च्या इस्कीवर आधारलेली होती. जगातील प्रत्येक अक्षराला एकच क्रमांक, फाँट कोणताही असो. तरीही मराठीच्या काही अक्षरांना वाट पाहावी लागली. ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला. तोवर अ आणि त्यावर चंद्र असे दोन संकेत जोडून ‘अॅ’ लिहिले जाई, आणि अजूनही अनेक ठिकाणी तसेच सापडते.

आता पुन्हा टर्मिनल. एखाद्याने विममध्ये फाईल उघडली, इन्स्क्रिप्ट चालू केले आणि एक ओळ खाली जाण्यासाठी जे दाबले. ओळ हलत नाही, संपादक फक्त कुरकुरतो. कारण त्याच्यापर्यंत जे पोचलेच नाही. पोचला तो र. एच, जे, के, एल या बर्कलीच्या चार दिशा इन्स्क्रिप्टमध्ये प, र, क, त होतात. उलट प्रसंग अधिक गमतीचा. बोटांना इन्स्क्रिप्टची सवय आहे, पण मराठी चालू करायचे राहिले आणि संपादक आज्ञेच्या अवस्थेत आहे. अशा वेळी ‘मुळशी’ लिहिण्यासाठी बोटे सी, जी, शिफ्टसह एन, शिफ्टसह एम आणि आर अशी फिरतात. विमच्या भाषेत पहिल्या तीन कळांचा अर्थ होतो ‘मागे शोधलेला शब्द पुसून तेथे लिहायला लाग’. आधी काही शोधलेले असेल तर तो शब्द नाहीसा होतो आणि त्याच्या जागी उमटते ‘मिस्टर’चे इंग्रजी लघुरूप.

मूलेनारच्या संपादकात यावर दोन तोडगे आहेत, आणि ते इंग्रजीबाहेरच्या वापरकर्त्यांच्या गरजेतून आलेले आहेत. पहिला ‘लँगमॅप’. कळफलक दुसऱ्या लिपीत असला तरी आज्ञेच्या अवस्थेत अमुक अक्षर आले तर त्याला तमुक इंग्रजी कळ समज, असे त्यात सांगता येते. विमच्या माहितीपुस्तिकेत त्याचे उदाहरण ग्रीक अक्षरांचे दिले आहे. र आला तर जे समज, क आला तर के समज, असे मराठीतही लिहिता येते. दुसरा तोडगा ‘कीमॅप’, २००१ मधील सहाव्या आवृत्तीपासूनचा. यात यंत्राचा कळफलक इंग्रजीच राहतो. संपादक स्वतः लेखनाच्या अवस्थेत कळांची मराठी अक्षरे करतो आणि आज्ञेच्या अवस्थेत त्यांना हात लावत नाही. कंट्रोलसह घाताच्या चिन्हाची कळ दाबली की मराठी चालू किंवा बंद. दोहोंत दुसरा तोडगा सरस आहे. आज्ञा देताना लिपी बदलावी लागत नाही आणि बर्कलीचे चार बाण जागेवर राहतात.

कीमॅपची फाईल म्हणजे साधी वही. डाव्या रकान्यात कळ, उजव्या रकान्यात अक्षर. ती कोणालाही लिहिता येते, त्यासाठी कंपनीची परवानगी लागत नाही, कारखाना लागत नाही, मानक संस्थेची बैठक लागत नाही. ज्याला टंकयंत्राची सवय आहे त्याने तसे लिहावे, ज्याला ध्वनीप्रमाणे रोमन कळा हव्यात त्याने तसे. लिनक्सवरील ‘एम-सतरा-एन’ या कळफलकांच्या संग्रहात मराठीसाठी इन्स्क्रिप्ट आहे, रेमिंग्टन आहे, आणि मराठी संकेतस्थळांवर लोकप्रिय झालेले ‘गमभन’सुद्धा आहे. एकाच भाषेची ही निरनिराळी हस्ताक्षरेच म्हणायची.

पडदा मात्र अजून हट्टी आहे. टर्मिनलचा पडदा समान चौकटींचा, पारंपरिक मापाने ८० बाय २४. एका चौकटीत एक अक्षर ही त्याची समजूत. ‘क्ष’ किंवा ‘र्कि’ किती चौकटींचे? संपादक एक उत्तर देतो, टर्मिनल दुसरे, आणि कर्सर अक्षराच्या शेजारी कुठेतरी लुकलुकत राहतो. मराठी गद्य टर्मिनलमध्ये लिहिणे म्हणूनच सुखाचे नाही. तेथे काम चालते ते भाषांतराच्या फायली, शब्दसूच्या, मोठ्या मजकुरातील शोध आणि दुरुस्ती यांचे.

आणि दुरुस्तीपाशीच ‘शेतकऱ्यांनी’ परत येतात.

पापणीच्या रसाठी युनिकोडने इस्कीची रीत स्वीकारली. खाली नुक्ता असलेला ‘ऱ’ घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा, पुढे य. या ‘ऱ’ला कोष्टकात जागा मिळाली ती द्राविडी भाषांतील एका कठोर र-काराचे लिप्यंतर करण्यासाठी, मराठीचा पापणीचा र त्याच्या अर्ध्या रूपात भाडेकरू म्हणून राहतो. इन्स्क्रिप्टवर तो शिफ्टसह जेवर आहे, म्हणजे साध्या रच्याच कळीवर, एक मजला वर. दुसरी रीत युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी मान्य झाली. साधा र, पाय मोडायचा, मग एक अदृश्य जोडचिन्ह, मग य. तिसरी रीत म्हणजे र आणि नुक्ता वेगळे टाकणे. तिन्हींची आकृती एकच दिसते. कोणती साठवली जाईल हे लिहिणारा ठरवत नाही; त्याच्या कळफलकाचे मॅपिंग बनवणारा ठरवतो. लिहिणाऱ्याला याची वार्ताही नसते. आणि ज्यांना कळच सापडत नाही ते रफार देऊन मोकळे होतात. मग ‘डोंगरदर्या’ हा शब्द जन्मतो, आणि सह्याद्रीच्या कुशीत समुद्र अवतरतो.

मुळशी सत्याग्रहाविषयीचा मजकूर गेल्या पंचवीस वर्षांत अनेक हातांनी संगणकावर आला आहे. श्रीलिपीतून परिवर्तित झालेला, गमभनमधून टंकित केलेला, भ्रमणध्वनीवरून लिहिलेला. असा मजकूर एका ठिकाणी जमवून ‘शेतकऱ्यांनी’ हा शब्द शोधणाऱ्याला मिळतात ते त्याच्या कळफलकाशी जुळणारेच शेतकरी. शोध ‘काही सापडले नाही’ असे सांगतो आणि अभ्यासक ते खरे मानतो. विनायकराव भुस्कुटे यांनी या लढ्याचा वृत्तान्त लिहिला तेव्हा त्यांच्या लेखणीला ही अडचण नव्हती. शाईचा ऱ एकाच प्रकारचा असतो.

टर्मिनलमधील संपादक इथे उपयोगी पडतो तो त्याच्या रुक्षपणामुळे. अक्षरावर कर्सर नेऊन आज्ञेच्या अवस्थेत जी आणि ए या कळा लागोपाठ दाबल्या की विम त्या अक्षराचा क्रमांक सांगतो. अदृश्य जोडचिन्ह तर त्याच्या अनेक आवृत्त्यांत कोनी कंसातील आकड्यासारखे पडद्यावर उघडेच पडते, सुबक दाखवण्याच्या भानगडीत तो पडत नाही. एकदा भेद दिसला की पुढचे काम एका ओळीच्या अदलाबदलीचे आहे. संपूर्ण फाईलमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या रीतीचा र जेथे असेल तेथे पहिल्या रीतीचा ठेवायचा. आणि स्वतःच्या कीमॅपच्या वहीत डावीकडे सोयीची एखादी कळ लिहून तिच्यासमोर उजव्या रकान्यात पाय मोडलेला ऱ लिहून ठेवायचा, म्हणजे पुढच्या फायलीत शोध चुकणार नाही.